दुलईत वाचायचे रेशीमकिडे

२ डिसेंबर, सोमवार

“या वाचनालयाच्या सभासदांनो! आपल्याला इथे बिनडोक समजलं जातं!” — अशीच सुरुवात करायची. पंधराला वार्षिक सभा आहे.

कारण आज लागलेला फलक. ‘हिवाळी शिफारस — दुलईत शिरून वाचावीत अशी बारा पुस्तकं.’ पहिलंच रेशीमकिड्यांच्या जोपासनेवर. मग लोखंडी पुलांची देखभाल. मग एका प्रवासवर्णनाचा फक्त दुसरा भाग — माणूस पोचला कसा ते विचारायचं नाही, परत आला यात समाधान माना! शिवाय मूतखड्यावर एक. दुलईत शिरून मूतखडा! उन्हाळ्यात याच फलकावर विटांच्या भट्ट्यांवरचा ग्रंथ होता. गारव्यासाठी असेल.

यादी करणारे आमचे ग्रंथपाल — कुजबुज. हे नाव मीच ठेवलं. हा माणूस बाजारात कांद्याचा भावसुद्धा वाचनालयात असल्यासारखा विचारतो.

४ डिसेंबर

राग नुसत्या यादीचा नाही. कमिटीने ठराव केलाय — मागच्या खोलीतलं जे पुस्तक चार वर्षांत कुणीच नेलं नाही, ते एकतीस तारखेला रद्दीत. ‘निर्लेखन’ म्हणतात त्याला. रद्दीला इस्त्रीचा सदरा घातला की निर्लेखन! वर्षभर भांडले मी. ‘मागची खोली वाचवा’ — तीन भाषणं, दोन पत्रकं. कमिटीच्या प्रत्येक बैठकीत कुजबुज शेजारी बसून पेन्सिलीला टोक काढत होता. तोंडात मिठाची गुळणी! पाच विरुद्ध एक मतांनी हरले; ते एक माझं.

आता फलकावर तरी त्याला सोडत नाही.

६ डिसेंबर

भाषण वहिनींना म्हणून दाखवलं. अकरा मिनिटं. त्या शेंगा सोलत होत्या.

“फर्मास, वन्सं. पण त्या गरिबाला किती सोलणार?”

“गप्प बसणाऱ्याला गरीब म्हणत नाहीत, वहिनी.”

“मग काय म्हणतात?”

“ग्रंथपाल.”

हे भाषणात घालायचं!

१५ डिसेंबर, रविवार

जिंकले!! रेशीमकिड्यांवर पहिला हशा, मूतखड्यावर लोक खुर्चीतून पडायचे बाकी राहिले. दातांचे डॉक्टर डोळे पुसत होते. ‘ही असली पुस्तकं वाचकांच्या माथी मारू नयेत’ — ठराव एकमताने. कमिटीचे अध्यक्षही हात वर करून! ते का, असं क्षणभर मनात आलं. टाळ्यांच्या आवाजात कोण विचार करतं?

कुजबुजने उठून फलकावरच्या टाचण्या एकेक काढल्या. डबीत ठेवल्या.

१७ डिसेंबर

माझी यादी घेऊन गेले. खरी शिफारस — एकेक पुस्तक सोन्यासारखं. कुजबुजने शेवटपर्यंत वाचली. म्हणाला, “छान आहे, ताई. यातली सगळी वर्षाला वीस-वीस वेळा जातात. यांना कोण टाकतंय?”

मला कळेना. तो मला मागच्या खोलीत घेऊन गेला. रेशीमकिडे काढले, शेवटचं पान उघडलं. तारखेचा शेवटचा शिक्का चार वर्षांपूर्वीचा, याच महिन्यातला. मग पूल. मग मूतखडा. बाराच्या बारा तशीच!

“मुदत संपत आली की शिफारशीत घालतो. नाव बघून लोक हसतात, हसता हसता एखादा घेऊन जातो. एक शिक्का पडला की चार वर्षं जीवदान. तीन ऋतूंत एकतीस वाचली.”

“मग बैठकीत बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर कमिटीने फलकच काढला असता.” त्याने मूतखडा जागेवर ठेवला. “आता काढलाच म्हणा.”

ज्या खोलीसाठी तीन भाषणं ठोकली, तिच्यात मी किती वर्षांनी पाय ठेवला होता? दिव्याचं बटण कुठे आहे तेही त्यालाच विचारावं लागलं. आणि इतकी वर्षं सभासद असून तिथलं एकही पुस्तक मी नेलेलं नाही. एकही! शहाणी!

२१ डिसेंबर

एका कार्डावर दोनच पुस्तकं. माझ्या कार्डावर दोन, वहिनींच्या कार्डावर दोन. (“वन्सं, मूतखडा तुम्हीच घ्या हो, मला पूल द्या.”) उरली आठ.

वाचनालयाच्या पायऱ्यांवर सकाळपासून उभी. दातांचे डॉक्टर आले. हात जोडून म्हटलं, एक तरी न्या. “काय ताई, परीक्षा घेताय का आमची? दुलईत रेशीमकिडे! हाहाहा!” माझंच वाक्य, माझ्याच आवाजात. दिवसभर तेच. शाळेच्या मुख्याध्यापिका तर नकलेसकट म्हणून गेल्या.

इतकं चांगलं भाषण करायला नको होतं.

२६ डिसेंबर

रेशीमकिडे वाचून झाले. एका बैठकीत. लेखक कुणी शाळामास्तर आहे, किडे घरातल्याच कपाटात वाढवायचा. ते कात टाकत तेव्हा घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही म्हणे — त्या दिवशी बायकोशी झालेलं भांडणही हातवारे करून उरकलं! कोश उकळायची वेळ आली, तिथे त्याने एक पान कोरं सोडलंय. मी ते पान उजेडात धरून पाहिलं. अकरा मिनिटांत अशा पुस्तकाची मी टिंगल केली.

आठातली अजून आठच आहेत.

३० डिसेंबर, सोमवार

मला न विचारताच कमिटीची नोटीस लागली. ‘वार्षिक सभेच्या एकमुखी भावनेचा आदर करून’ चार वर्षांची अटच काढून टाकली. उद्या सकाळी दहाला गाडी येणार आणि मागची खोली पूर्ण रिकामी होणार — सातशे पुस्तकं. आधाराला खाली माझं भाषण जोडलंय, शब्द न् शब्द.

दार नऊला उघडतं. सभासदांची यादी समोर आहे, वहिनी नंबर लावून देताहेत. प्रत्येकाला एवढंच सांगतेय — मी चुकले. उद्या नऊला कार्ड घेऊन या, मागच्या खोलीत जा, हाताला लागतील ती दोन पुस्तकं आपल्या नावावर घ्या. निवडत बसू नका.