सासूबाईंच्या कपाटातली डिक्शनरी

देवपूर, धुळे
ता. ४ जानेवारी १९७१

प्रिय कुंदा हिस,
स. न. वि. वि.
लग्नात तू दिलेली डिक्शनरी आता कुठे उघडली. मॅट्रिकला इंग्रजीनं दगा दिला होता, म्हणून मार्चमध्ये पुन्हा बसतेय. सासूबाईंनी बजावलंय, ही शेवटची वेळ. या खेपेला राहिलं तर पुस्तकं रद्दीत.

एकेका साध्या शब्दाचे इतके अर्थ की रडू येतं. बिल म्हणजे दुकानातलं बिल, एवढंच मला ठाऊक. तर पाखराच्या चोचीलाही म्हणे बिल! घरात इंग्रजी येतं ते फक्त सासऱ्यांना. पण घुंगट घेतलेल्या सुनेनं सासऱ्यांशी बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. लग्न झाल्यापासून एक अक्षर बोललेले नाही. मग विचारू कुणाला?
उत्तर लवकर धाड, वाट बघतेय.
तुझी,
राजकुंवर

जळगाव
ता. ११ जानेवारी १९७१

प्रिय राज,
सप्रेम नमस्कार.
अगं वेडाबाई, बठ्ठे, सगळेच्या सगळे अर्थ एकदम गिळायला ते काय केळं आहे? एक अर्थ, एक वाक्य, तेही घरातलंच. आणि मनात वाचू नकोस. माझ्या वर्गातल्या मुलींना मी हेच सांगते, मोठ्यानं वाचा. भाकरी थापताना वाच. रीत बोलायची नाही अशी आहे. वाचायची नाही असं तर कुणी म्हटलेलं नाही ना?
सासूबाईंना नमस्कार सांग. माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
कुंदा

धुळे
ता. ८ फेब्रुवारी १९७१

प्रिय कुंदा,
स. न. वि. वि.
तुझं ऐकलं आणि गंमतच झाली. ‘प्रेस म्हणजे छापखाना’ असं स्वयंपाकघरातून वाचलं, तर बैठकीतून बाबूजी, म्हणजे माझे सासरे, सासूबाईंना म्हणाले, तिला सांगा, आपल्या कापसाच्या गाठी बांधतात तीही प्रेस आणि कपड्यांना इस्त्री करतात तेही प्रेस. सासूबाई उठून आत आल्या आणि जसंच्या तसं सांगून गेल्या. आता रोज हेच चालतं. चोचीचं बिल ऐकून त्या इतक्या हसल्या की पोळी करपली. पण पुढच्या आठवड्यात त्या भाचीच्या लग्नाला शिरपूरला निघाल्यात, नेमक्या परीक्षेच्या तोंडावर. माझं कसं व्हायचं, गं?
तुझा आधार असू दे.
राज

धुळे
ता. २८ मार्च १९७१

प्रिय कुंदा,
स. न. वि. वि.
पेपर बरे गेले. निकाल जूनमध्ये. पण खरी परीक्षा आधीच झाली.

सासूबाई गेल्या आणि मी ‘फेअर म्हणजे जत्रा, फेअर म्हणजे गोरा’ वाचत बसले. पुढचं वाक्य काही केल्या लागेना. बाबूजी नुसते खाकरले. हे कामावर गेलेले, निरोप न्यायला घरात कुणी नव्हतं. शेवटी मीच पदर ओढून दाराआडून म्हणाले, “बाबूजी, फेअरचा आणखी अर्थ आहे का?” मग आवाज आला, “तराजूचा काटा मध्ये राहतो ना, तो व्यवहार फेअर. आणखी काय अडलंय, बेटा?” मी उंबऱ्यावरच बसले.

सासूबाई परतल्यावर सगळं मीच सांगितलं. त्यांनी डिक्शनरी माझ्यापुढून उचलली. मला वाटलं, गेली पुस्तकं रद्दीत. तर म्हणाल्या, “मी नसताना सगळे अर्थ संपवलेत? आता मला कोण सांगणार?” भारीच रुसल्या होत्या, गं! तेव्हापासून डिक्शनरी त्यांच्या कपाटात आहे, दागिन्यांच्या डब्याशेजारी, कुलपात. दुपारची भांडी आवरली की त्या स्वतःच ती काढून माझ्यापुढे ठेवतात.
सुट्टीत इकडे ये. बाबूजी तुला भेटायचं म्हणतात. मलाच सांगितलं त्यांनी.
तुझीच,
राजकुंवर