ताकातली हिरवी पूड

लोणखेडा, ८ ऑगस्ट २०२५

ती. पप्पांना प्रियलचा सविनय जय जिनेंद्र, वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही म्हणून हे पत्र. तोंड उघडत नाही, बोलणं बोबडं येतं म्हणून लाजता ना? पोटच्या पोरीशी कसली लाज!

पुनीतदादासोबत हिरवी पूड पाठवतेय. आमच्या कॉलेजच्या टाक्यांत वाढवलेली स्पिरुलिना. तोंडाच्या आतल्या नाजूक कातडीला ती बळ देत असावी, असं संशोधक म्हणतात. पुरावा अजून थोडा आहे, तेव्हा डॉक्टरांच्या गोळ्या आणि जबड्याचा व्यायाम सोडू नका. सुपारी मात्र सोडा हो! तिनंच तोंड आखडलंय. आता उघडलेल्या तोंडात किती बोटं जातात ते कळवा, माझं अभ्यासात चित्त नाही.

तुमची लाडकी,
प्रियल

नंदुरबार, १४ ऑगस्ट

चि. प्रियल हिस अनेक आशीर्वाद.

दोन बोटंही धड जात नाहीत. आता तुझा पराक्रम ऐक. शेवग्याचा पाला समजून तुझ्या आईनं ती पूड मला ताकातून पाजली. काल पुनीत सहज बोलून गेला, की ते शेवाळ आहे. अगं, शेवाळ! त्यात अनंत जीव म्हणून चौमासात आपण अंगणातसुद्धा जपून पाय टाकतो, आणि मी ते गटागटा प्यालो! तुझी आई रडतेय. मिरच्या निवडणारी छबूबाईसुद्धा विचारत होती, शेठले काय व्हयनं म्हणून. तिला काय सांगू, कपाळ? पूड परत पाठवली आहे.

रागावलेला, तरी तुझाच,
पप्पा

लोणखेडा, १८ ऑगस्ट

ती. पप्पांना नमस्कार.

चुकलंच माझं. दिवसभर टाकीपाशी राहून घरची रीत विसरले. माफ करा. पण भांडणारही आहे. तुम्ही कांदा सोडलात, बटाटा सोडलात, चौमासात हिरवी भाजी सोडलीत. सुपारी तेवढी सुकी म्हणून चालते! यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो, असं डॉक्टर तुमच्यासमोरच म्हणाले होते. मला फार भीती वाटते, पप्पा. झोप लागत नाही.

राग सोडा, लोभ ठेवा.
प्रियल

नंदुरबार, २४ ऑगस्ट

चि. प्रियल हिस आशीर्वाद.

शेवाळाचं प्रायश्चित्त मागायला महाराजसाहेबांकडे गेलो. अजाणता घडलं, एक उपवास कर म्हणाले. पण माझा पाय निघेना. तुझं पत्र खिशात होतं. शेवटी हात जोडले आणि सुपारी सोडण्याचं पच्चक्खाण घेतलं, जन्मभराचं. गुरूंपुढे दिलेला शब्द, आता मोडायचा नाही. हात मात्र अजून डबीकडे जातो, गिऱ्हाइकांवर उगाच खेकसतो.

संवत्सरीचं मिच्छामि दुक्कडम् यंदा पत्रात लिहिणार नाही. फोन करून, तोंडानं म्हणून तुझी माफी मागेन. शब्द बोबडे येतील. हसू नकोस, आणि फोन लगेच उचल.

तुझा,
पप्पा