रेघ नसलेली मराठी

६ जुलै १९९७, रविवार

पाळी बदलायचा रविवार, म्हणजे साहित्य मंडळाची बैठक. दिवसपाळी, रातपाळी दोघांनाही आजच सवड. सुरतेतल्या उधन्याच्या शाळेतला तोच तिसरीचा वर्ग, तीच बुटकी बाकं, गुडघे हनुवटीला. अकरा जण आले. मंडळ चालवणाऱ्या गुरुजींनी दिवाळीच्या हस्तलिखित अंकाचं काम यंदाही माझ्या गळ्यात मारलं. "दत्तूभाऊ, तू छापून आलेला माणूस."

छापून आलेला! एक कथा, तीन वर्षांपूर्वी. त्यानंतर एक ओळ नाही. हे गुरुजींना ठाऊक नाही, कारण दर बैठकीला मी "मोठं काहीतरी चाललंय" अशी थाप मारतो. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये बारा तास कापडातले डाग शोधायचे, घरी यायचं, जेवायचं, आडवं व्हायचं. एवढंच चाललंय.

एक बाई नव्या होत्या. इंदूबाई. उधन्यातच लूमच्या कारखान्यात बॉबिन भरायला जातात. चाळिशीच्या. बैठकभर एक शब्द नाही. जाताना लिहिलेली पानं घडी करून माझ्या हातात ठेवली आणि मी उघडायच्या आत बाहेर पडल्या.

१५ जुलै

घाणेरडा उकाडा. लेखन नाही. शोभा म्हणाली, "वही उघडून बसता कशाला, झोपा तरी." बायको बोलली ते खरं होतं म्हणून राग आला.

२० जुलै, रविवार

बैठक. इंदूबाईंची पानं परत केली. उघडून पाहिली होती, अक्षरांवर रेघच नाही, सगळी गुजराती. वर चिठ्ठी लावली : "आपले लेखन गुजराती असल्याने घेता येत नाही. साभार परत." त्यांनी ओठ हलवत चिठ्ठी वाचली, मान हलवली, पानं पिशवीत घातली. मला वाटलं, चला, एक काम हातावेगळं झालं.

३ ऑगस्ट, रविवार

बैठकीला सातच जण. इंदूबाई नाहीत. कोणी विचारलं नाही, मीही नाही.

७ ऑगस्ट

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

जेवणाच्या सुट्टीत पिशवी झटकली तर इंदूबाईंचं एक पान निघालं. परत करताना तळाशी राहिलं असणार. फेकवेना. शेजारी हसमुखभाई डबा खात होता, खात्यातला माझा जोडीदार, पक्का सुरती. म्हटलं, वाच तरी काय आहे. त्याने बोटं पुसली, चष्मा चढवला आणि मोठ्यांदा वाचायला लागला. एक ओळ वाचून थांबला. परत पहिल्यापासून वाचली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "अरे, आ तो तमारी भाषा छे, भाई!"

मी म्हटलं, कसं शक्य आहे. तो म्हणाला, अक्षरं आमची, बोली तुमची. आणि पुढे वाचत गेला, एकेक शब्द चाचपडत, काही न समजता :

"मनी माय सुरतले उनी. लूमना आवाजमा जोरमा बोलानी सवय लागी गयी. गावले गयी तं लोके म्हनेत, बाई, भांडस का? माय म्हने, भांडत नई भो, बोलस."

ताग्यांच्या थप्पीवर बसून राहिलो. हे अहिराणीत आहे. हे माझ्या घरातलं बोलणं आहे. माझी आईसुद्धा इथे आल्यापासून असंच ओरडून बोलायची आणि मला गावात लाज वाटायची. चौदा वर्षं सुरतेत आहे, त्यावर एक ओळ सुचली नाही. या बाईने चार ओळींत उरकलं. हसमुखभाईच्या तोंडून, सगळे उच्चार वाकडे, तरीही त्याला पुन्हा वाचायला लावलं.

आणि मी हे न वाचता परत केलं. दिवसभर डागी कापड बाजूला काढणारा मी! वरची रेघ दिसली नाही, एवढ्यावर निकाल दिला.

१० ऑगस्ट, रविवार

गुरुजींकडून पत्ता घेऊन इंदूबाईंच्या कारखान्यावर गेलो. रविवारी दुपारपर्यंत चालतो. आत कानठळ्या. त्या उभ्या होत्या, समोर वीसेक बॉबिनी गरगरत होत्या. धागा तुटला की पुढे होऊन गाठ, भरली की काढायची, रिकामी लावायची. मला बघून दचकल्या. हातानेच 'थांबा' म्हणाल्या. अर्धा तास दारात उभा राहिलो.

सुटल्यावर चहाच्या हातगाडीपाशी माफी मागितली. सरळ मागितली, आढेवेढे घेतले नाहीत. त्या म्हणाल्या, "तुमची काय चूक, भाऊ? मला तं वाटलं तुम्ही वाचून लिहिलं."

मला कळेना.

"मी सुरतमध्येच जन्मली. निशाळ, म्हणजे शाळा, गुजराती. तुमची अक्षरं वाचता येतात, लिहिता नाही. गावाला गेली की सगळे हसतात, गुजरातीन आली म्हणून. बोलणं बिघडलेलं आहे म्हणतात. खरी वात सांगू, चिठ्ठी वाचली, मला लागलं, साहेबांनी पण तेच लिहिलं. चांगल्या शब्दात."

म्हणजे मी आळसाने लिहिलं आणि यांनी निवाडा म्हणून वाचलं.

विचारलं, आता काय लिहिताय. "बंद केलं," म्हणाल्या. "पंधरा वर्षं लिहिलं, कोणी वाचलं नव्हतं तोपर्यंत बरं होतं." चहा संपवून निघाल्या.

११ ऑगस्ट

त्या कधी लिहायच्या ते काल विचारलं होतं, लिहायचं राहिलं. बॉबिनी भरत असताना! पेन्सिल अंबाड्यात खोचलेली, खोक्याचा पुठ्ठा पाटीसारखा. गाठ मारायची, पुढचा धागा तुटेपर्यंत लिहायचं. म्हणूनच वाक्यं आखूड. घरी गेल्यावर पुठ्ठ्यावरचं वहीत. "मोठं वाक्य मला येतच नाही, भाऊ, तेवढ्यात तुटतं काहीतरी."

आणि मी तीन वर्षं शांत खोलीची वाट बघत बसलोय.

१७ ऑगस्ट, रविवार

बैठकीत सगळं सांगितलं, चिठ्ठीसकट. गुरुजी म्हणाले, दोन महिन्यांत देवनागरी लिहायला शिकवतो त्यांना. मी म्हटलं, त्यांनी का शिकायचं? चौदा वर्षांत मी बसची पाटी वाचण्यापलीकडे गेलो नाही, मी शिकतो. बोलून गेलो खरा.

२ सप्टेंबर

हसमुखभाई डब्यासोबत धडा देतो. छापील येतं, हाताचं येत नाही. इंदूबाईंचा 'ज' आणि 'ह' मला सारखाच दिसतो. हसमुखभाई कपाळाला हात लावतो. पण त्याला ते पान आता पाठ झालंय. मशीन लावता लावता मध्येच ओरडतो, "भांडत नई भो, बोलस!" खातं हसतं.

९ सप्टेंबर

पान देवनागरीत उतरवायला बसलो. हस्तलिखिताला शोभावं म्हणून एक वाक्य 'नीट' केलं : "भांडत नाही, बोलते आहे." वाचून बघितलं. मेलं ते वाक्य. खोडलं, होतं तसं लिहिलं. शोभाला दोन्ही वाचून दाखवली. पहिल्याला "बरं आहे" म्हणाली. दुसरं ऐकून हातातली भाजी खाली ठेवली आणि म्हणाली, "ही बाई कुठे राहते?"

१४ सप्टेंबर, रविवार

बैठक आटोपून शोभा आणि मी गोडादऱ्याला, इंदूबाईंच्या खोलीवर. पुढच्या बैठकीचं आमंत्रण द्यायला. दोघी पहिल्या पाच मिनिटांत अहिराणीत शिरल्या, मला कोणी विचारेना. निघताना इंदूबाई मला म्हणाल्या, येईन, पण वाचणार नाही, आणि नवं लिहिलेलं काही नाही, आशा ठेवू नका.

२८ सप्टेंबर, रविवार

आल्या. शेवटच्या बाकावर, दाराजवळ, शोभाला घेऊन. मी त्यांचं मूळ पानच वाचलं, उतरवलेलं घरी ठेवून गेलो होतो. अडखळत वाचलं. "बोलस"ला सगळा वर्ग हसला. लिंबायतचा एक लूमवाला म्हणाला, "मनी माय बी अशीच बोले." मग दुसरा बोलला. मग गुरुजी, जे कधी अहिराणी बोलत नाहीत, अहिराणीत बोलले. बैठक पाऊण तास लांबली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा लेखनावर बोलताना कोणी माझ्या मोठ्या कामाची चौकशी केली नाही. हायसं वाटलं.

बाहेर इंदूबाईंना पान परत दिलं. त्या म्हणाल्या, "तिसऱ्या ओळीत चुकलात, भाऊ. 'ह'चा 'ज' केलात." मी ओशाळलो. त्या म्हणाल्या, "ना ना, सारू थयू, बरंच झालं. म्हणजे कागद बघून वाचलं तुम्ही."

पुढचं कधी, असं विचारायचं होतं. नाही विचारलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

त्या आल्या, रिकाम्या हाताने. गुरुजींनी विचारलं तर मान हलवली. मग सरळ माझ्याकडे वळून, "तुमचं, भाऊ?"

खोटं बोलवेना. म्हटलं, माझंही नाही. तीन वर्षं नाही.

गुरुजी बघतच राहिले. इंदूबाई बाकावर सरकल्या, म्हणाल्या, "बसा मग इकडे." बसलो. दुसऱ्यांचं ऐकलं. बऱ्याच दिवसांनी नीट ऐकलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

आज बैठक नाही, हस्तलिखितही आता दिवाळीनंतरच, अर्धं सुरत गावाला निघालंय. इंदूबाईंना गाडीवर सोडायला उधना स्टेशनला गेलो. सोबत शोभाने दिलेल्या शेवेचा डबा. त्या धुळ्याकडे मावशीकडे चालल्यात. ते पान आणि वही बरोबर घेतलीय. मावशी म्हणजे त्यांच्या आईची धाकटी बहीण, आणि त्यांना 'गुजरातीन' म्हणून हसण्यात पहिली.

"तिला वाचून दाखवणार. मायची वात आहे, तिला ऐकायचा हक्क आहे. ती पण म्हणाली गुजराती आहे, तर वही तिथेच तापीत."

म्हटलं, एका मावशीच्या बोलण्यावर? म्हणाल्या, "तुमच्या एका चिठ्ठीवर बंद केलं होतं ना?"

डबा त्यांच्या पिशवीत ठेवून दिला.

गाडी यायला वेळ होता. त्यांनी विचारलं, "भाऊ, खरं सांगा. माझं चांगलं आहे म्हणून वाचलं सगळ्यांपुढे, की चूक झाली म्हणून?"

विचार करून सांगितलं. गेलो होतो तुमच्याकडे चुकीमुळे. गुजराती शिकायला बसलो तेही थोडं चुकीमुळेच. पण हसमुखभाईने दुसरी ओळ वाचली तेव्हा मला तुमचा हेवा वाटला, आणि हेवा काही माफी म्हणून वाटत नाही.

त्या पिशवी खाली ठेवून माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "हेवा वाटला? माझा?" दोनदा विचारलं. दोन्ही वेळा हो म्हटलं.

२८ ऑक्टोबर

मिल दुपारी सुटली. यंदा आम्ही गावाला गेलो नाही. शोभा फराळाचं करतेय, स्टोव्हचा आवाज, शेजारी रेडिओ, पोरांचा दंगा. दाराशी बसून लिहिलं. मध्ये चार वेळा उठावं लागलं, गिरणीतून पीठ आणायला, पाण्याला, दोनदा पोरांची भांडणं सोडवायला. अर्धं पान झालं. चांगलं आहे की नाही, माहीत नाही. माझ्या आईबद्दल आहे, आणि गावात तिला मी "हळू बोल" म्हणायचो त्याबद्दल.

मावशीकडे आज वाचणार होत्या. वाचलं असेल एव्हाना. त्या सोमवारी परत येतील, वही घेऊन किंवा वहीशिवाय. कशाही आल्या तरी हे अर्धं पान पहिल्यांदा त्यांनाच वाचून दाखवायचं, आणि त्या काय म्हणतील याची मला आत्तापासून भीती वाटतेय.