पंधरा फूट इकडे, पंधरा फूट तिकडे

४ फेब्रुवारी, मंगळवार

भिंत शेवटी माझ्याच गळ्यात पडली! मंडळीत सुतार मी एकटा, दुसरं होणार तरी काय?

आज पंचांची बैठक झाली. म्हणजे दोन बैठका झाल्या — एकाच खोलीत, एकमेकांकडे पाठ करून. चर्चच्या मधोमध लाकडी भिंत घालायची. पाळकांच्या डाव्या हाताला बाकवाले, उजव्या हाताला खुर्चीवाले. दीड वर्षात एवढ्या एकाच गोष्टीवर दोघांचं जमलं, तेही कागदावर, कारण बोलणं बंद आहे. कागदात लिहिलंय: चर्चची रुंदी तीस फूट, प्रत्येक बाजूला पूर्ण पंधरा फूट. बाकवाल्यांतर्फे सही शिंपी मास्तरांची, खुर्चीवाल्यांतर्फे हेडबाईंची. मास्तरांनी ‘पूर्ण’खाली एक रेघ मारली म्हणून बाईंनी दोन मारल्या.

आणि हे सगळं कशावरून? एका बाकाचा पाय मोडला. नव्या पाळकांनी तिथे तात्पुरती प्लास्टिकची खुर्ची ठेवली. बस्स! मास्तर म्हणाले, खुर्चीत माणूस मागे रेलतो, मग विश्वासही रेलतो. हेडबाई म्हणाल्या, ज्याची पाठ मोडली तो स्तुती काय करणार? तिथून जे पेटलं ते आजपर्यंत. मी तो पाय त्याच संध्याकाळी बसवून दिला असता. मला कुणी विचारलंच नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मी बाकवाला. ते बाक माझ्या वडिलांच्या हातचे. ही खुर्चीवाली. हिची कंबर दुखते, ते मला कळतं. पण वडिलांच्या बाकांना ‘शिक्षा’ म्हणाली, भर मंडळीत! मग मीही नको ते बोललो. तेव्हापासून आमच्यात अबोला. आज एक्कावन्न दिवस झाले.

पण घर तर चालवायला हवं. म्हणून ही जेवणाआधी मोठ्याने प्रार्थना करते — “हे प्रभू, तुझ्या सेवकाला आठवण करून दे, गॅस संपत आलाय.” मीही डोळे मिटूनच उत्तर देतो — “दयाळू पित्या, तुझ्या सेविकेला कळव, सांगून ठेवलाय, उद्या येईल.” आमेन मात्र दोघांचं एकदम येतं. निरोप्याचं काम त्याला कुणी इतकं लावलं नसेल!

९ फेब्रुवारी, रविवार

पाळक बिचारे एक वाक्य डावीकडे तोंड करून बोलतात, पुढचं उजवीकडे. आज ‘प्रीती’ उजवीकडे गेली आणि ‘गर्व’ आमच्या वाट्याला आला. मास्तर उपासना संपेपर्यंत फणफणत होते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

नवी अट. पलीकडचं गाणं इकडे ऐकू येता कामा नये. दोन्ही बाजूंच्या वेगवेगळ्या चिठ्ठ्या आल्या, अट तीच. गाणी तरी वेगळी आहेत का? वह्या एकाच, चाली त्याच, बेसूर होण्याच्या जागासुद्धा त्याच!

म्हणजे साध्या फळ्यांनी भागणार नाही. दुहेरी फळ्या, मध्ये पोकळी, पोकळीत भुसा ठासून भरायचा. भुसा दुकानात ढिगाने पडलाय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

चौकट उभी केली. ओळंबा लावला, काटकोनाला गुण्या लावला, सगळं सरळ. हात चालतो पण मन लागत नाही. चाळीस वर्षं माणसांना बसायला, निजायला, कपडे ठेवायला करून देत आलो. माणसं एकमेकांना दिसू नयेत म्हणून कधी काही केलं नव्हतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रभुभोजनाच्या टेबलाचं काय करायचं? ते बरोबर मधल्या रेघेवर. मी गमतीने म्हटलं, अर्धं अर्धं कापून देऊ का? तर मास्तर म्हणाले, “चालेल.” पलीकडे जाऊन विचारलं. बाई म्हणाल्या, “रेघ सरळ ठेवा म्हणजे झालं.” लहानपणी एकाच बाळावर हक्क सांगणाऱ्या दोन आयांची गोष्ट ऐकली होती, त्यातली एक तरी ‘कापू नका’ म्हणून रडते. इथे दोन्ही ‘आया’ करवत घेऊन हजर!

नाही कापलं. करवत दुकानातच राहिली असं सांगितलं. टेबल भिंतीच्या पोटातून आरपार ठेवलंय. दोन पाय इकडे, दोन तिकडे.

२ मार्च, रविवार

भिंत पुरी झाली. आज पहिली उपासना. पाळकांनी कुठल्या बाजूला उभं राहायचं यावर तोडगा निघाला नाही, म्हणून भिंत पुढच्या टोकाला हातभर कमी ठेवली आणि ते त्या टोकाशी उभे राहिले. आम्हाला एक डोळा, एक कान आणि अर्धी मिशी दिसत होती. अर्धा पाळक आम्हाला, अर्धा त्यांना. उपासनेनंतर हेडबाईंची तक्रार आली — पाळक डावखुरे आहेत, हातवारे सगळे तिकडे जातात!

भुशाने काम चोख केलं. पलीकडचं काहीच ऐकू आलं नाही. हिचा आवाज मला शंभरांत ओळखू येतो, वरच्या सुराला जरा चिरकतो. आज नाही आला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. गाणं संपलं तरी मी वही उघडीच धरून बसलो होतो.

४ मार्च, मंगळवार

सकाळी मास्तर दुकानात. गळ्यात टेप. “अरे, आमची बाजू चार बोटं कमी भरते! पूर्ण पंधरा लिहिलं होतं ना? ती चार बोटं तू त्यांना दिलीस. बायको तिकडे आहे म्हणून!”

दुपारी हेडबाई. “आमची बाजू चार बोटं कमी आहे. तुम्ही बाकवाले, तुमच्याकडून दुसरी अपेक्षा नव्हतीच.”

मी तोंड उघडायच्या आत दोघंही आपापल्या वेळी तरातरा निघून गेले.

६ मार्च, गुरुवार

आज कमाल झाली! दोघं एकाच वेळी दुकानाच्या दारात. दीड वर्षांनी समोरासमोर.

“तुमच्याकडे आमची चार बोटं आहेत,” मास्तर.

“आमच्याकडे? आमचीच चार कमी आहेत!” बाई.

“आमचीही चारच.”

मग दोघांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या.

“मग आठ बोटं गेली कुठे?”

मी म्हटलं, अहो, ऐकून तर घ्या. “काय ऐकायचं? देवाच्या घरातली जागा खाल्लीस!” — मास्तर. “आठ बोटं!” — बाई. आणि तावातावाने बोलत दोघं बरोबर बाहेर पडले. बाई पायरीवर अडखळल्या तर मास्तरांनी हात पुढे केला. बाईंनी धरला!

आठ बोटं कुठे जाणार? भिंतीतच आहेत! भिंत आठ बोटं जाड आहे. पंधरा आणि पंधरा तीस झाले, मग भिंतीने काय हवेत उभं राहायचं? कागद लिहिताना एकाच्याही डोक्यात आलं नाही, की वेगळं व्हायलाही जागा लागते आणि ती दोघांच्याही वाट्यातून जाते. एका वाक्याचं काम. रविवारी उभा राहून सांगतो.

८ मार्च, शनिवार

सांगू की नको?

सांगितलं तर मी सुटेन. दोघांना पटेल. मान हलवतील आणि आपापल्या बाजूला परत जातील. भिंत तिथेच.

नाही सांगितलं तर चाळीस वर्षांचं नाव मातीत. माझ्या हातची खिडकी अर्ध्या बोटाने चुकली असं कुणी म्हणून दाखवावं! आता आठ बोटं चुकलेला सुतार म्हणून पोरं दाखवतील. दाराच्या मापाला कोण बोलावणार मग?

दीड वर्ष रोज मागत होतो — प्रभू, मंडळी एक कर. कशी करशील ते मात्र विचारलं नव्हतं. तुझं तू बघ आता. मला भीती वाटते.

९ मार्च, रविवार

सगळे आमच्या बाजूला जमले. बाक पुरेनात, तर खुर्चीवाल्यांनी भिंतीला वळसा घालून खुर्च्या आणल्या. हेडबाई बाकावर बसल्या, मास्तरांशेजारी! दोघं एकाच कागदात डोकं घालून माझे अपराध लिहीत होते. अख्खे पाळक दिसत होते.

मला बोलायला सांगितलं. ते वाक्य ओठांवर होतं. समोर पाहिलं. कोण बाकवाला, कोण खुर्चीवाला, काही कळेना. सगळ्यांच्या कपाळावर सारखीच आठी.

म्हणालो, “माप चुकलं. चूक माझी.”

ठराव: सुताराने भिंत स्वतःच्या हाताने उतरवावी आणि चार रविवार बाहेर पायरीवर बसावं. हात वर करा म्हटल्यावर झाडून सगळे हात वर गेले. एकमताने! पाळकांना रडू आलं.

म्हणजे हिचाही हात वर होता. मी पाहिला. बाकी कशाचं नाही, पण त्याचं फार लागलं.

१० मार्च, सोमवार

भिंत उतरवायला घेतली. पहिल्याच फळीला मास्तर आले, कानाशी लागले — “भिंतीची जाडी, ना? गुरुवारी रात्री टेप गुंडाळताना कळलं मला. कुठे बोलू नकोस.” तासाभराने हेडबाई. तेच, तितक्याच हळू आवाजात. मग पाळक. दुपारपर्यंत अकरा जण येऊन कुजबुजून गेले. प्रत्येकाला वाटतंय आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे!

शेवटी ही आली.

“अहो,” म्हणाली. मला. थेट. मध्ये प्रभूला न घालता. “सुताराची बायको आहे मी. भिंत किती जाड ते मला कळत नाही होय?”

“मग हात का वर केलास?”

“सगळ्यांचे एकदम वर गेले. माझा एकटीचा खाली कसा ठेवू? — चार रविवार मीही बसेन तुमच्याबरोबर पायरीवर. पण खुर्ची आणीन. आधीच सांगून ठेवते.”