बेलावरच्या अळ्या

श्रावणी सोमवार, संध्याकाळ

अजून संताप उतरत नाही. शेजारच्या मालूकाकू सकाळी पूजेसाठी बेल तोडायला आल्या. महादेवाला कुरतडलेलं पान चालत नाही, म्हणून झाडावरच्या फुलपाखरांच्या सगळ्या अळ्या पाडून चपलेखाली चिरडल्या. आधी चिमणीच्या शिटेसारख्या दिसायच्या, आता कुठे हिरव्यागार झाल्या होत्या. मी ओरडले, तर म्हणे, "किडे गो ते!" ह्याच बाई श्रावणात घरात सुकटसुद्धा ठेवत नाहीत. जीवहत्या नको ना!

मघाशी प्रसाद घेऊन आल्या. अंगणाकडे बघत म्हणतात, "यंदा फुलपाखरं दिसत नाहीत गो तुझ्याकडे?"

दारात तीच चप्पल. कडेला अजून हिरवं लागलेलं. पाणी आणते सांगून उठले, नि ती चप्पल अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे भिरकावली.

अनवाणी गेल्या घरी. जाऊ देत.