बजरनंतरची बास्केट

स्लाऊ, शनिवार संध्याकाळ, मार्च २००९

बाबा असं काही बोलतील असं कधी वाटलंच नव्हतं.

कॉलेज आजवरच्या पाच सर्वश्रेष्ठ टीम्सची नावं हॉलमध्ये कोरणार आहे. आमच्या वेळची मुलींची बास्केटबॉल टीम त्यात हवीच, असं पत्र मी कमिटीला लिहिलं. सलग चार वर्षं चॅम्पियन, आणखी काय हवं? सहीसाठी बाबांकडे गेले. चारही वर्षं कोर्टाशेजारच्या टेबलावर बसून स्कोअर तेच लिहायचे.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अगं, चौथी फायनल आपण हरलो होतो. तुझी शेवटची बास्केट वेळ संपल्याच्या बजरनंतरची, धरायचीच नव्हती. रेफरीने टेबलाकडे बघितलं, आणि मी मान डोलावली. त्या स्कोअरशीटवर एकदा सही केली. आता पुन्हा नाही करणार."

बाबा! जे रिकाम्या रस्त्यावरही लाल सिग्नलला थांबतात, ते!

"मग इतकी वर्षं गप्प का बसलात?"

"तू किती नाचत होतीस."

तीन चॅम्पियनशिप पुरतील का मग? कोणाला विचारू?

पत्र फाडलं. पण मी हादरले ते वेगळ्याच गोष्टीने. बजर वाजला तेव्हा बॉल माझ्या हातातच होता. मला वाटायचं, हे फक्त मलाच माहीत आहे.