फळा पुसून होईपर्यंत

बाई, आज मला कोणाशी तरी भांडायचं आहे, आणि माझं भांडण शेवटपर्यंत ऐकून घेणाऱ्या एकट्या तुम्हीच होतात.

इथे धुळ्यातल्या एका शाळेत सहावीतली ‘प्रज्ञावान’ मुलं निवडताहेत. निवडलेल्यांना वेगळा वर्ग, चांगले शिक्षक, प्रयोगशाळा, उरलेल्यांना शुभेच्छा. मी वर्तमानपत्रात खवचट लिहिते, म्हणून मला निवड समितीवर घेतलं. बाहेर बोलत बसण्यापेक्षा आत गप्प बसलेली बरी, असा हिशेब असावा. काल तोंडी फेरी झाली. मुख्याध्यापक प्रश्न वाचणार, पहिला हात वर करील त्याला संधी. शिकवणीत असलेच प्रश्न घोटून आलेली मुलं प्रश्न अर्धा असतानाच हात उडवत होती. आम्ही हुशारी शोधतोय की माश्या मारायला चपळ हात, मला कळेना.

आणि तुम्ही आठवलात. वरणगावच्या शाळेत तुम्ही प्रश्न विचारता, पाठ फिरवता आणि फळा पुसायला घेता. सावकाश, कोपऱ्यांसकट. पुसून होईपर्यंत कोणी हात वर करायचा नाही. मी बाकावर चुळबुळतेय, “बाई, सांगू? मला येतंय!” तुम्ही वळूनही बघत नाही. “येतंय ना? मग पळून कुठे जातंय? राहू दे थोडं.”

म्हणून काल एक प्रश्न मी मागून घेतला. ट्रक, ट्रॅक्टर, बस, कार. यातलं वेगळं कोणतं? विचारलं, फळा पुसून होईपर्यंत हात नको म्हटलं आणि डस्टर उचललं. “मॅडम, शिपाई पुसेल की,” मुख्याध्यापक म्हणाले. मी पुसत राहिले. वळले, तर मागच्या बाकावरचा एक हात वर होता. साक्रीकडची, वसतिगृहात राहणारी मुलगी. सकाळपासून तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता.

“कार,” ती म्हणाली. “बाकी बठ्ठास्मा मानसे उभा ऱ्हाईसन जातस. कारमा नही.”

बाई, कारमध्ये माणसं उभी राहून जात नाहीत, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी उत्तरसूची पाहिली. “ट्रॅक्टर. शेतीचं वाहन. चूक आहे.”

“सर, कारण तर बघा.”

“कारणाला गुण नसतात, मॅडम. आणि भाषा ऐकलीत ना? झेपणार आहे का तिला?”

“विचार केलाय तिने!”

“विचार सगळेच करतात हो. वेळेत करायला पाहिजे.”

मुलीने हात खाली घेतला आणि बाकाखाली दडवला, जणू तोही कोणी जप्त करील. त्यानंतर तो वर आला नाही. उद्या निवडयादीवर सही करायची आहे. तिचं नाव त्यात नाही, म्हणून मी सही करणार नाही. त्यांना दुसरी सही मिळेल, आणि पुढच्या वर्षी समितीवर माझ्यापेक्षा शहाणं माणूस येईल. ती मुलगी आहे त्याच बाकावर राहील.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. तुमचा फळा पुसून होईपर्यंत माझं उत्तर बहुतेक वेळा मलाच चुकलेलं दिसायचं, आणि मी हात वरच करायचे नाही. कालच्या फेरीत पहिला हात माझाच असता, बाई.